पंचवीस यार्डांवरची स्वस्त गोळी

प्रश्न : माझी भाची इथल्या महाविद्यालयात एनसीसीत आहे. नुकतीच दहा दिवसांच्या कॅम्पला जाऊन आली. तिथे तिला .२२ च्या रायफलने पाच राउंड मारायला मिळाले. तीन गोळ्या कागदावर लागल्या, दोन कुठे गेल्या देव जाणे. तिची तक्रार अशी की गोळ्याच हलक्या प्रतीच्या होत्या. उस्ताद म्हणे हसत म्हणाले, ‘गोली सस्ती है, निशाना तो महँगा लगाओ.’ तर माझे प्रश्न असे : स्वस्त गोळीने नेम खरंच चुकतो का? एवढ्या मोठ्या देशाला मुलांसाठी बरी गोळी परवडत नाही का? आणि दर गोळीला हाताने खटका मागेपुढे करायला लावणारी ही जुन्या वळणाची रायफल अजून का वापरतात? तिच्यासाठी एखादी छोटी रायफल घेऊन शेतावर सराव करून घेता येईल का? ती घरी आली तेव्हा तिचे कानही वाजत होते, त्याचंही काही सांगा.
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : मामासाहेब, उस्तादांनी तुमच्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देऊन टाकलं आहे. उरलेलं जरा विस्ताराने सांगतो, कारण ‘गोळी हलकी होती’ हे वाक्य प्रत्येक फायरिंग रेंजवर रोज ऐकू येतं आणि ते कधी खरं, कधी खोटं, हे ठरवायला थोडा हिशोब करावा लागतो.

आधी ती गोळी हातात घेऊन पाहू. .२२ लाँग रायफल या नावाचं हे काडतूस १८८७ साली अमेरिकेत स्टीव्हन्स कंपनीने आणलं आणि तेव्हापासून त्यात मूलभूत असा बदल झालेला नाही. पूर्ण लांबी एक इंच. पुढे शिशाची गोळी, वजन ४० ग्रेन म्हणजे जेमतेम २.६ ग्रॅम. मागे पितळेची पातळ नळी, तिच्यात चिमूटभर दारू. या काडतुसाच्या बुडाशी मधोमध टोपी नसते. पितळेच्या बुडाला जी बारीक कड बाहेर आलेली असते ती आतून पोकळ असते आणि पेट घेणारं रसायन त्या कडेतच भरलेलं असतं. ओलं रसायन नळीत टाकून ती गरगर फिरवायची, म्हणजे ते कडेत जाऊन बसतं. रायफलची पिन या कडेवर आपटते, कड चेपते आणि ठिणगी पडते.

स्वस्ताईचं मूळ इथेच आहे. वेगळी टोपी नाही, जाड पितळ नाही, गोळीवर तांब्याचं कवच नाही. शिसं आणि वर मेणाचा हात. कच्चा माल थोडा लागतो आणि यंत्रातून काडतुसं धो धो बाहेर पडतात. पण याच युक्तीत दोषही दडलेला आहे. फिरवताना रसायन कडेत सगळीकडे सारखं बसलं नाही, कुठे जाड कुठे पातळ राहिलं, तर पेट कमीजास्त जोराने घेतला जातो. पिन नेमकी रिकाम्या जागी आपटली तर नुसता ‘टक्’ आवाज येतो आणि गोळी जागची हलत नाही. एनसीसीत याला मिसफायर म्हणतात. अशा वेळी कॅडेटने बोल्टला, म्हणजे त्या खटक्याला, हात लावायचा नसतो. नळी टार्गेटकडेच धरून उस्तादांना सांगायचं आणि थांबायचं. उशिराने पेटलेली दारू उघड्या बोल्टमधून तोंडावर येऊ नये म्हणून हा नियम आहे.

दारूचंही तसंच. चिमूटभर दारूत एखादा कण इकडेतिकडे झाला तरी वेग बदलतो. म्हणजे स्वस्त गोळी ‘हलकी’ नसते, ती बेभरवशाची असते. पहिली जरा जोरात जाते, दुसरी जरा दमाने. महागाची गोळी जास्त जोरदार असते असा अनेकांचा समज असतो, तोही चुकीचा. स्पर्धेची उत्तम .२२ गोळी उलट मुद्दाम मंद ठेवलेली असते, सेकंदाला ३२५-३३० मीटरच्या आसपास. हवेत ध्वनीचा वेग साधारण ३४३ मीटर आहे. गोळी त्या वेगाच्या वर निघाली तर वाटेत कधीतरी ती त्याच्या खाली येते, आणि तो टप्पा ओलांडताना डगमगते. त्यापेक्षा आधीपासूनच खाली राहिलेली बरी. मग महाग गोळीत पैसे कशाचे घेतात? सारखेपणाचे.

आता हिशोब. समजा एक गोळी सेकंदाला ३३० मीटरने निघाली आणि तिच्या मागची ३४५ ने. पंधरा मीटरचा फरक, साध्या प्रतीच्या गोळ्यांत सहज होऊ शकेल असा. दोन्ही गोळ्या नळीतून बाहेर पडल्या की खाली पडू लागतात, आणि जिला पोचायला जास्त वेळ लागतो ती जास्त पडते. ५० मीटरवर पोचेपर्यंत या दोघींच्या उंचीत जवळजवळ १ सेंटीमीटरचा फरक पडतो. ऑलिंपिकमधल्या ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. म्हणजे नेमबाजाने काहीही चूक केलेली नसताना गोळीने त्याचा दहाचा नऊ करून टाकला.

पण तुमच्या भाचीने ५० मीटरवर गोळी मारलेली नाही. एनसीसीत .२२ चं फायरिंग २५ यार्डांवर होतं, म्हणजे २३ मीटरांपेक्षाही थोडं कमीच. तिथे त्याच दोन गोळ्यांमधला फरक जेमतेम २ मिलिमीटर भरतो. अंतर निम्म्याहून कमी झालं तर फरक चौपटीहून जास्त घटतो, कारण गोळीचं पडणं वेळेच्या वर्गाने वाढतं. २ मिलिमीटरने कुणाची गोळी कागदाबाहेर जात नाही. दोन गोळ्या देवाघरी गेल्या त्यात काडतुसाचा हात नाही, हे भाचीला हळूच सांगा.

आणखी एक गोष्ट आहे, जी गणिताच्या वर्गात शिकूनही रेंजवर कुणाला आठवत नाही. समजा रायफल वाळूच्या पोत्यावर घट्ट टेकवून एखाद्या जाणत्याने साध्या गोळ्या झाडल्या आणि २५ यार्डांवर सगळ्या एका इंचात बसल्या. हा झाला गोळी आणि रायफल मिळून होणारा पसारा. नवख्या कॅडेटच्या हाताचा पसारा ४ इंच असणं अगदी सामान्य. दोन्ही मिळून किती? आपण पटकन ५ म्हणतो. पण दोन चुका एकमेकींशी न बोलता होत असतील तर त्या अशा सरळ बेरजेने वाढत नाहीत. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू ४ आणि १ घ्या आणि कर्ण काढा : ४.१ इंचांच्या आसपास येतो. म्हणजे भाचीच्या हातात जगातली सर्वांत महागडी, अगदी शून्य चुकीची गोळी दिली असती तरी तिचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा, ४.१ वरून ४ वर आला असता. एका इंचाचा दहावा भाग. तेवढ्यासाठी सरकारने कितीपट पैसे मोजावेत?

हाच त्रिकोण वर सरकत जा. हात सुधारून पसारा १ इंचावर आला, गोळीचाही १ इंच असेल, तर कर्ण १.४. आता मात्र गोळी बदलली की फरक डोळ्यांना दिसतो. त्यामुळे कुणी विचारलं, महाग गोळी कधी घ्यावी, तर माझं उत्तर ठरलेलं असतं : आपला हात गोळीच्या बरोबरीला आला की. त्याआधी ती घेणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी, आणि शिवाय एक लपलेलं नुकसान. महाग गोळी हातात असली की माणूस मोजून मारतो, आणि ज्या वयात हात घडायचा त्या वयात राउंड कमी पडतात. स्वस्त गोळीचा खरा फायदा तोच : ती जास्त वेळा मारता येते. एनसीसीची अडचण गोळी स्वस्त असण्याची नाही, पाचच मिळतात ही आहे. त्याबद्दल भाचीने कुरकुर केली तर मी तिच्या बाजूने आहे.

स्वस्त गोळीवर शिकवण्याची ही कल्पना एनसीसीची नाही. कायद्याने १९४८ साली एनसीसी सुरू झाली, पण त्याच्या चाळीसेक वर्षं आधीपासून इंग्रज सैन्य हेच करत होतं. बोअर युद्धात, १८९९ ते १९०२ मध्ये, बोअरांच्या दूरवरच्या अचूक नेमाने इंग्रज सैनिक हैराण झाले आणि आपल्या पोरांना रायफल धरता येत नाही हा साक्षात्कार लंडनला झाला. पण .३०३ ची गोळी सरावाला महाग, तिला मैलभर मोकळी जागा हवी, आणि खांद्याला बसणाऱ्या धक्क्याने नवखा आधीच डोळे मिटतो. म्हणून गावोगावी .२२ चे क्लब निघाले, आणि सैन्याने जुन्या ली-एनफिल्ड रायफलींच्या नळ्यांत .२२ ची आतली नळी बसवून घेतली. बाहेरून वजन, बट, बोल्ट, सगळं खऱ्या रायफलचं; आत गोळी छोटी. शिकाऊ पोराच्या हाताला युद्धातल्याच हत्याराची सवय व्हायची आणि खजिन्यालाही फारसा भार पडायचा नाही. तुमचं गाव मोमिनाबाद म्हणून ओळखलं जायचं तेव्हा इथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. सरावाचं काडतूस मोजून घ्यायचं आणि रिकामं मोजून परत द्यायचं, ही छावणीची शिस्त अंबाजोगाईला काही परकी नाही. भाचीलाही विचारा, फायरिंग संपल्यावर खोके गोळा करून मोजून दिल्याशिवाय कुणाला उठू दिलं होतं का? एक खोका कमी भरला तर सगळी रांग गवतात शोधत बसते.

आता तो ‘खटका’. त्याला बोल्ट म्हणतात आणि त्याचं काम दाराच्या कडीसारखं आहे. मूठ वर उचलायची, मागे ओढायची. मागे जाताना तो रिकामा खोका ओढून बाहेर फेकतो. पुढे ढकलताना मॅगझिनमधली वरची गोळी नळीच्या तोंडात सारतो. मूठ खाली दाबली की कडी बसली. स्वयंचलित रायफलमध्ये हे सगळं काम गोळीच्या स्फोटातून निघालेला जोर करतो, म्हणून तिथे गोळी ठरावीक जोराचीच लागते. .२२ च्या स्वयंचलित रायफलीत हलकी गोळी पडली की मधेच अडकते, खोका अर्धा बाहेर, अर्धा आत. बोल्टच्या रायफलला मात्र गोळीच्या जोराशी घेणंदेणं नाही. तुमच्या मनगटाचा जोर पुरतो. मंद, जोरदार, मेणचट, जुनी, कसलीही गोळी ती निमूट खाते. स्वस्त गोळी आणि बोल्ट यांची जोडी जगभर टिकून आहे ती या कारणाने. शिवाय शिकवणाऱ्याच्या दृष्टीने आणखी एक सोय : प्रत्येक गोळीनंतर पोराला थांबावंच लागतं. उस्ताद रांगेच्या टोकाला उभं राहून कुणाचा बोल्ट उघडा आणि कुणाचा बंद, हे एका नजरेत पाहू शकतात. जुन्या वळणाची म्हणून नाक मुरडू नका. ऑलिंपिकच्या ५० मीटर प्रकारात आजही एकेक गोळी हाताने भरूनच मारतात.

तुम्ही ‘छोटी रायफल’ म्हणालात, त्यावरूनही थोडं बोलू. एनसीसीची .२२ डिलक्स रायफल ४३ इंच लांब असते. पाच फुटांच्या मुलीला ती लांब पडते आणि, त्याहून महत्त्वाचं, तिचा बट लांब पडतो. बट खांद्यात नीट बसावा म्हणून ती डोकं मागे घेते किंवा मान वाकडी करते, डोळा साइटच्या मागे सरळ येत नाही, आणि प्रत्येक गोळीला गाल वेगळ्या जागी टेकतो. तिचे दोन राउंड हरवले ते बहुधा इथे. छोट्या नळीची रायफल घेतली तर गोळीचा जोर कमी होईल ही भीती मात्र बाळगू नका. .२२ मधली चिमूटभर दारू पहिल्या १६ इंचांतच जवळजवळ सगळी जळून जाते; त्यापुढची नळी गोळीला फार काही देत नाही. छोटी रायफल उचलायला सोपी, पण हलकी असल्याने हातात जास्त थरथरते, आणि पुढची-मागची साइट जवळ आल्याने नेमातली बारीक चूक डोळ्याला कळत नाही. म्हणजे लांबी कमी करून जे सुख मिळतं त्यातलं थोडं परत द्यावं लागतं. बटाची लांबी कमी करणं हा त्यातला निव्वळ फायद्याचा भाग.

जाता जाता एक खोडसाळ गोष्ट. एनसीसीच्या टिपणांत या .२२ रायफलचा गोळीवेग सेकंदाला २७०० फूट असा छापलेला आढळतो आणि परीक्षेत मुलं तोच लिहून गुण मिळवतात. .२२ लाँग रायफलची गोळी एवढ्या वेगाने जाणं शक्य नाही. तिचा वेग १०५० ते १२५० फुटांच्या घरात असतो. २७०० हा आकडा सैन्याच्या मोठ्या रायफलींच्या पंक्तीतला आहे. भाचीला परीक्षेत काय लिहायचं ते लिहू दे, मनात मात्र खरा आकडा असू दे.

आणि तुलनाच करायची तर ही करा : आपल्या सैन्याच्या इन्सास रायफलची गोळीही रुंदीला जवळजवळ एवढीच, ५.५६ मिलिमीटर. पण ती ४ ग्रॅमची आणि सेकंदाला ९०० मीटरने निघणारी. दोघींची ऊर्जा काढली तर इन्सासची .२२ च्या दहा-अकरा पट भरते. फरक नळीच्या रुंदीत नाही, मागच्या दारूत आहे.

तुम्ही विचारलंत, देशाला परवडत नाही का. परवडण्यापेक्षा प्रश्न मिळण्याचा आहे. आपल्याकडे .३०३, ७.६२, ५.५६ ही सैन्याची मापं सर्वसामान्य परवानाधारकाला बंदच आहेत. दारूगोळा देशात मुख्यतः सरकारी कारखान्यांत होतो. ते आता १ ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीखाली आहेत, आणि तिचं मुख्यालय पुण्यातच आहे. १८६९ चा खडकीचा कारखाना आणि खानदेशातला वरणगावचा कारखाना याच कुटुंबातले. परदेशी स्पर्धेची गोळी आणायची तर नेमबाजाला राष्ट्रीय रायफल संघटनेच्या वाटेने, आयातीच्या परवानगीने जावं लागतं. म्हणून आपल्याकडे नेमबाजीत गरिबी-श्रीमंतीची रेषा रायफलपेक्षा गोळीत जास्त ठळक दिसते. रायफल एकदाच घ्यायची; गोळी रोज लागते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे हे नाव तुम्ही पेपरात वाचलंच असेल. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडलेला, मध्य रेल्वेत नोकरी करणारा हा नेमबाज १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकला. अंतिम फेरीत ४४ गोळ्यांत ४५१.४ गुण. भागाकार केला तर गोळीमागे १०.२६ पडतात, मिलिमीटरच्या भाषेत म्हणजे ५० मीटरवर प्रत्येक गोळी केंद्रापासून सरासरी जेमतेम ६ मिलिमीटरवर. गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून, तिन्ही अवस्थांत. या हाताला १ सेंटीमीटर वर-खाली जाणारी गोळी दिली असती तर पदक दूरच, अंतिम फेरीही राहिली असती. अशा नेमबाजांची गोळी कशी निवडतात तेही ऐकण्यासारखं आहे. इंग्लंडमधल्या एलीच्या किंवा जर्मनीतल्या लापुआच्या कारखान्यात नेमबाज आपली रायफल घेऊन जातो. तिची नळी शिकंज्यात पक्की आवळतात आणि एकामागून एक लॉटमधल्या गोळ्या झाडून बघतात. जो लॉट त्या नळीला रुचला तो विकत घेतात. गंमत म्हणजे लापुआच्या वेगवेगळ्या किमतीच्या स्पर्धा-गोळ्या एकाच यंत्रावरून निघतात. चाचणीनंतर त्यांची प्रत ठरते. म्हणजे महागडी गोळी वेगळी ‘बनवलेली’ नसते, ती ‘निवडलेली’ असते. एका नळीला आवडलेला लॉट दुसरीला आवडेलच असंही नाही, आणि यावर कुणाजवळ सूत्र नाही. झाडून बघावं लागतं.

या मंडळींच्या वाटेची सुरुवात कुठून होते, हे तुमच्या भाचीने जरूर जाणून घ्यावं. सिडनी ऑलिंपिकच्या, म्हणजे २००० सालच्या अंतिम फेरीत पोचलेल्या अंजली भागवत यांनी मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात असताना एनसीसीतूनच रायफल हाती घेतली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं, ते याच .२२ वर. आणि एनसीसीचे कॅडेट ज्या मावळंकर स्पर्धेत उतरतात, तिला नाव आहे लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांचं. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना निघाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्षही तेच होते. रत्नागिरीकडच्या मावळंग्याचं मूळ, बडोद्याचा जन्म आणि राजकारण अहमदाबादचं, असा हा मराठी माणूस.

राहिला शेतावरच्या सरावाचा प्रश्न. नको. अगदी स्पष्ट नको. .२२ ची रायफल १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याचं हत्यार आहे आणि परवाना स्वतःच्या नावावर असला तरी बांधावर उभं राहून झाडण्याची मुभा तो देत नाही. ‘छोटी गोळी’ म्हणून फसू नका. वर धरून झाडली तर ती दीड किलोमीटरच्या आसपास जाते, आणि दगडावर किंवा पाण्यावर आपटून भलतीकडे वळण्यात शिशाची मऊ गोळी पटाईत असते. बालाघाटाच्या डोंगराच्या अंगाने वसलेल्या तुमच्या गावाभोवती खडक काही कमी नाही. शिवाय बीड जिल्ह्यात २०२४-२५ च्या हिवाळ्यात शस्त्रपरवान्यांचा विषय किती तापला होता, ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं आहे. लग्नात-वरातीत हवेत झाडण्यालाही २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, ठेवले आहेत.

त्याऐवजी दोन गोष्टी करता येतील. पहिली, एअर रायफल. ४.५ मिलिमीटरची, .१७७ मापाची, आणि २० ज्यूलच्या आतली असेल तर २०१६ च्या नियमांप्रमाणे तिला परवाना लागत नाही. एका .२२ काडतुसाच्या पैशात बरेच छर्रे येतात. १० मीटर जागा, मागे पक्की भिंत आणि भिंतीपुढे छर्रा गिळणारी पेटी असली की पुरे. गच्चीवरून शेजारच्या कवठावर नेम धरणं मात्र यात येत नाही. दुसरी गोष्ट याहून स्वस्त : विना-गोळीचा सराव. रिकामी एअर रायफल, भिंतीवर काळा ठिपका, पालथं पडून श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं आणि ट्रिगर असा दाबायचा की पुढची साइट हलणार नाही. बघायला कंटाळवाणं, पण नव्वद टक्के नेमबाजी हीच आहे, असं मी म्हणेन; आकडा माझा, कुणाच्या अभ्यासाचा नव्हे. .२२ ची रायफल मात्र अशी रिकामी चालवू नये. तिची पिन गोळी नसेल तर नळीच्या कडेवर आपटते आणि तिथे खाच पडते. मग पुढच्या कॅडेटला मिसफायर सोसावे लागतात.

पुढच्या कॅम्पला गेली की तिने एवढं करावं. उस्तादांना विनंती करून बट आपल्या खांद्याला किती लांब पडतो ते आधी तपासून घ्यावं. जाड जॅकेट काढलं तरी अर्धा इंच वाचतो. पाचही गोळ्या एकाच बिंदूवर धराव्यात. पहिली डावीकडे लागली म्हणून दुसरी उजवीकडे धरली की ग्रुप नावाची गोष्टच उरत नाही. फायर संपल्यावर आपला कागद मागून घ्यावा, सर्वांत दूरच्या दोन भोकांमधलं अंतर पट्टीने मोजून तारखेसकट लिहून ठेवावं. ग्रुप लहान पण बाजूला असेल तर दोष साइटचा. ग्रुप पसरलेला असेल तर हाताचा. आणि सगळ्या पलटणीचे ग्रुप एकाच रायफलवर पसरत असतील तर त्या रायफलच्या नळीचं तोंड पाहायला सांगावं. .२२ च्या मऊ शिशाने नळी सहसा झिजत नाही, हजारो गोळ्या पचवते. ती झिजते नळी साफ करायची पुल-थ्रूची दोरी वर्षानुवर्षं तिरकी ओढल्याने. चिंदी लावून दोरी नळीच्या सरळ रेषेत ओढायची, कडेला घासत नाही. हा दोष स्वस्त गोळीच्या माथी मारलेला मी पुष्कळदा पाहिला आहे.

आता कान. .२२ चा आवाज मोठ्या रायफलपुढे फटाकडीचा वाटतो, म्हणून त्याकडे कुणी लक्ष देत नाही. पण नळीच्या तोंडाशी क्षणभर तो १४० डेसिबलच्या घरात जातो, आणि कॅम्पात दहा-बारा रायफली एका रांगेत सुटतात. शेजारच्या रायफलचा आवाज आपल्या रायफलपेक्षा जास्त बोचतो, कारण ती केव्हा सुटणार हे ठाऊक नसतं. कानात कापसाचा बोळा घालून काही उपयोग होत नाही. औषधाच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात. चोळून बारीक करायचे, कान वरच्या बाजूने किंचित मागे ओढून आत सारायचे आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचे. वाजणं एका दिवसात थांबलं असेल तर काळजी नको. अजून वाजत असतील तर तुमच्या गावात वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. कान-नाक-घशाच्या ओपीडीत दाखवून घ्या आणि पुढच्या कॅम्पला इअरप्लगची जोडी तिच्या किटमध्ये टाका.